बालवाडीने ‘उद्यापासून आणू नका’ म्हटल्यावर

मुलगा साडेचार वर्षांचा. शब्द सहा-सात, तेही मनात आलं तर. जाहिरातींची गाणी मात्र जशीच्या तशी म्हणतो. मनाविरुद्ध झालं की जमिनीवर अंग टाकतो, स्वतःचा हात चावतो. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, ‘उद्यापासून नका आणू, बाकीची मुलं घाबरतात.’ आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. वडील म्हणतात, सगळं सोडून पुण्याला राहायला जाऊ. आणि आईचा प्रश्न एकच: ‘मॅडम, अशा मुलांसाठी नेमकं कुठं जायचं असतं?’ (ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन कुटुंबांचे तपशील एकत्र केले आहेत.)

या प्रश्नातच एक समजूत दडलेली असते, की असं एक ठिकाण कुठेतरी आहे. ते नसतं. तपासणी एकीकडे, थेरपी दुसरीकडे, दिव्यांगत्वाचा दाखला तिसरीकडे, शाळेतली मदत चौथीकडे. या खिडक्यांना एकमेकींची खबर नसते, त्यामुळे कुठल्या दारात आधी जायचं हे कुटुंबालाच ठरवावं लागतं.

आईच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ सिरपच्या दोन बाटल्या होत्या आणि स्टेम सेल उपचारांचं काही लाखांचं कोटेशन होतं. कोटेशन आधी बाजूला ठेवलं. ऑटिझमसाठी, म्हणजे स्वमग्नतेसाठी, या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. घर गहाण ठेवून हा उपचार केलेली कुटुंबं असतात, म्हणून हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं.

चिठ्ठ्यांमध्ये श्रवणतपासणी कुठेच नव्हती. जे मूल बोलत नाही, त्याला ऐकू येतं का हे आधी बघायचं. गाणी म्हणतो म्हणजे ऐकतोच, असं गृहीत धरू नये. एका कानाचं किंवा काही स्वरांपुरतं कमी ऐकू येणं घरात लक्षात येत नाही. ‘बेरा’ ही श्रवणतपासणी मूल झोपलेलं असताना होते. आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायचं आणि एसटीत डुलकी लागू द्यायची नाही. ही एवढी गोष्ट न सांगितल्यामुळे कित्येकांची एक फेरी फुकट जाते.

पुढचा पत्ता जिल्हा रुग्णालयातल्या ‘डीईआयसी’चा, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला; हे केंद्र त्याचाच भाग. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सेवा मोफत. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी रचना आहे. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असतं, म्हणून जाण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारायचं. अंगणवाडी तपासायला याच कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी घेतली, तर दारात कमी प्रश्न विचारले जातात.

तिथे ऑटिझमचं निदान झालं आणि वडिलांनी त्याच दिवशी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा आणि दाखल्याचा, अर्ज ऑनलाइन भरला. तो परत आला. आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक. आधी आधार दुरुस्त, मग अर्ज. दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायच्या दिवशी आणखी एक अडचण असते: अनोळखी खोलीत मूल एकतर गप्प बसतं, नाहीतर थैमान घालतं. ऑटिझमसाठीच्या ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. त्यातल्या कितीतरी गोष्टी दहा मिनिटांत दिसतच नाहीत. म्हणून जेवताना, इतर मुलांमध्ये, चिडल्यावर असे दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ मोबाईलमध्ये न्यायचे. लहान मुलांचा दाखला बहुधा मर्यादित मुदतीचा असतो. संपण्याची तारीख कपाटाच्या दारावर लिहून ठेवायची.

दाखला कशाला, हा आजीचा प्रश्न होता. ‘शिक्काच बसेल पोराला.’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. दाखला शाळेच्या भिंतीवर लावायचा नसतो, कुठे दाखवायचा ते पालकांनी ठरवायचं. त्याच्या जोरावर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी ती आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरण फेब्रुवारीतच उरकायचं आणि मूळ बिलं जपायची. जुनी करप्रणाली घेणाऱ्या वडिलांना आयकरात ७५ हजारांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही.

इथे एक खुलासा हवा, कारण ‘आमचाही मुलगा असाच चंचल आहे’ म्हणत पुष्कळ पालक येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, स्वतंत्रपणे नाही. नुसत्या एडीएचडीसाठी कार्डामागे धावून उपयोग नाही. तिथे भर उपचारांवर, पालक-प्रशिक्षणावर आणि शाळेशी बोलण्यावर द्यायचा. अध्ययन अक्षमतेचा दाखला वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही.

थेरपी मात्र दाखल्यासाठी एक दिवसही थांबवायची नाही. या घराने पहिल्या महिन्यात उलटंच टोक गाठलं: आठवड्याला चार सत्रं, जाऊन-येऊन पाच तास, मूल दमलेलं, आईची कंबर धरलेली. ते कमी करून आठवड्याला एक सत्र ठेवलं, पण अट घातली की थेरपिस्टने आईला समोर बसवून शिकवायचं आणि घरी करायच्या दोनच गोष्टी लिहून द्यायच्या. पालकांना दाराबाहेर बसवणाऱ्या ठिकाणी कारण विचारावं. नोंदणीही विचारावी: विशेष शिक्षक, वाचातज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते.

अंग टाकण्यावर उपाय वहीतून निघाला. तीन रकाने: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. अकरा दिवसांत चौदा नोंदी झाल्या. नऊ वेळा आधी कुकरची शिट्टी होती किंवा मिक्सर. उरलेल्या पाचांत मोबाईल काढून घेतला होता, आणि पाचही वेळा हात चावल्यावर तो परत दिला गेला होता! म्हणजे चावणं उपयोगी पडतं, हे आपणच शिकवत होतो. कुकर तो बाहेर असताना लावायचा, मिक्सरआधी त्याच्या कानांवर हेडफोन द्यायचे, मोबाईल काढण्याआधी वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवायचं, हाताने ‘अजून’ अशी खूण शिकवायची आणि ती खूण केली तरच एक मिनिट वाढवून द्यायचं. पहिला आठवडा चावणं वाढलं. ते वाढतंच, आजीला हे आधी सांगितलं नसतं, तर चौथ्या दिवशी मोबाईल हातात पडला असता.

शाळेसाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जायचं. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तिथे भेटतात आणि शाळांना भेटी देतात. प्रवेश तोंडी नाकारला तर वाद न घालता लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. पोच मागितल्यावर नकाराचा सूर बऱ्याचदा बदलतो.

आई मधल्या काळात नीट झोपत नव्हती, रडू येत होतं. तिच्यासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आणि मराठीतही. शनिवारी तीन तास मूल वडिलांकडे आणि तेव्हा आईने बाहेर पडायचं, हे घरात भांडून ठरलं. डीईआयसीच्या बाकावर भेटलेल्या चार आयांचा व्हॉट्सअप गटही झाला. कोणत्या वारी बोर्ड बसतं, हे त्यावर कुठल्याही फलकाच्या आधी कळतं.

सध्या तो जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बालवर्गात दोन तास बसतो. तिसऱ्या तासाचं दिवाळीनंतर बघायचं ठरलं आहे.