इंग्लंडला येताय? ठरलेलं मोडायचं कसं आणि विषय टाळायचा कसा

मिरजेत नर्सिंग झालंय, ओईटी म्हणजे नर्स-डॉक्टरांची इंग्लिशची परीक्षा पास झालीस, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलची ऑफर हातात आहे आणि तू विचारतीयेस की परीक्षेचं इंग्लिश येतं गं ताई, पण "आज जमणार नाही", "राहू दे आता", "हा विषय नको" हे तिथल्या लोकांना न दुखावता सांगायचं कसं? फार कामाचं विचारलंस. व्हिसा, घरभाडं, बँक खातं सांगणारे खूप भेटतील, हे कोणी सांगत नाही, आणि नवीन आलेल्या आपल्या मुली याच्यामुळंच एकट्या पडतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या सांगलीत कोणी म्हणालं रविवारी जेवायला या, की आपण म्हणतो "येतो की". नाही गेलो तर पुढं कधीतरी गणपती पेठेत भेटल्यावर "काय ओ, आला न्हाई" एवढ्यावर मिटतं, आणि न सांगता गेलो तरी आमटीत पाणी वाढवून ताट होतंच. इथं दोन्ही चालत नाही. "वी मस्ट हॅव यू राउंड समटाइम" असं कोणी म्हणालं तर ते आमंत्रण नाही, नुसतं चांगलं बोलणं आहे, तारीख आणि वेळ सांगितली की मग ते आमंत्रण. पण एकदा तारीख ठरली की ती त्यांच्या कॅलेंडरमध्ये जाते आणि न कळवता गेली नाहीस तर लोक मनाला खरंच लावून घेतात. तेच आदल्या दिवशी कळवलंस तर कोणाला काही वाटत नाही. प्लॅन मोडण्यात इथं अपमान नाही, गप्प बसण्यात आहे. हे एवढं डोक्यात बसलं की शब्द आपोआप येतात.

साधं वाक्य म्हणजे "आय ॲम सो सॉरी, समथिंग्ज कम अप, आय कान्ट मेक इट टुनाइट", आणि त्याला लागूनच "कॅन वी रीअरेंज?" हे शेवटचं विसरू नकोस, त्यातून कळतं की तुला भेटायचंय. कारण सांगत बसू नकोस. आपल्याला सवय असते, सासूबाईंचा गुडघा, अचानक आलेले पाहुणे, गॅस संपला, सगळं सांगितल्याशिवाय आपलं खरं वाटणार नाही असं वाटतं. इथं कारण जितकं लांब तितका संशय जास्त, आणि समथिंग्ज कम अप म्हटल्यावर काय ते कोणी खोदून विचारत नाही. सगळा ग्रुप पबला निघालाय आणि तुला जायचं नाही तर "आय विल गिव्ह इट अ मिस टुनाइट, हॅव फन" म्हण, झालं. तरुण पोरं "बेल" करणं म्हणतात, म्हणजे ऐनवेळी टांग देणं, आणि नेहमी तसं करणाऱ्याला "फ्लेकी". हे शब्द ऐकून कळू देत, मॅनेजरसमोर वापरू नकोस. "रेन चेक" ऐकशील, तो अमेरिकेतून आलाय, बेसबॉलची मॅच पावसानं वाहून गेली की त्याच तिकिटावर पुढची मॅच बघू द्यायचे त्यावरून, म्हणजे आज नको पण पुढं नक्की.

आता खरी गोची. "कॉल ऑफ" म्हणजे रद्दच, "पुट ऑफ" म्हणजे लांबणीवर, इथपर्यंत पुस्तकात असतं. पण आपण मराठीत मीटिंग पुढं ढकलली म्हणतो तेव्हा ती उशिरा होणार असते ना, आणि इंग्लिशमध्ये "ब्रिंग फॉरवर्ड" म्हणजे अलीकडं आणणं! उशिरा करायची असेल तर "पुश बॅक" नाहीतर "पुट बॅक". म्हणजे आपलं पुढं त्यांचं मागं. अपॉइंटमेंट बदलताना मनातल्या मनात मराठी करून बोललीस तर बरोब्बर उलटं होईल, म्हणून तारीखच सांगायची, "कॅन वी मूव्ह इट टु फ्रायडे?" आणि अलीकडं आणणं या अर्थाचं आपलं "प्रीपोन" भारतातच ठेवून ये, इथं बहुतेकांना तो कळत नाही.

"पुट ऑफ"चाच आणखी एक अर्थ इथं रोज कानावर पडतो. "यू आर पुटिंग मी ऑफ" म्हणजे तू माझं लक्ष विचलित करतेस. नर्सला हे फार महत्त्वाचं आहे. औषधं वाटताना बऱ्याच हॉस्पिटलांत नर्स अंगावर लाल टॅबर्ड, म्हणजे कपड्यांवरून घालायचं बिनबाह्यांचं जॅकेट, घालतात, त्यावर डिस्टर्ब करू नका असं लिहिलेलं असतं, कारण मधे कोणी बोलावलं की डोस चुकायची भीती. तरीही नातेवाईक येतात, डॉक्टर येतात. तेव्हा "आय ॲम इन द मिडल ऑफ अ ड्रग राउंड, कॅन इट वेट?" हे न घाबरता म्हणायचं. समोर सीनियर असला तरी. आपल्याकडं मोठ्या डॉक्टरला थांबा म्हणणं जड जातं, मला माहितीय, पण पेशंटसाठी ते म्हणावंच लागतं.

उलट कधी लक्ष मुद्दाम दुसरीकडं वळवायचं असतं. मुलांना सुई टोचताना इथं त्याला डिस्ट्रॅक्शन म्हणतात आणि ते रीतसर शिकवतात, मोठ्या हॉस्पिटलांत त्यासाठी प्ले स्पेशालिस्ट असतात, फुगे, पुस्तकं, टॅबलेट घेऊन येतात. मला हे काम इथलं सगळ्यात आवडतं. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, "द रॅश वॉज अ रेड हेरिंग" असं काही ऐकलंस तर हेरिंग नावाचा मासा शोधू नकोस, पुरळाचा मूळ आजाराशी संबंध नव्हता, त्यानं उगाच भलतीकडं नेलं, एवढाच अर्थ. 1807 मध्ये विल्यम कॉबेटनं शिकारी कुत्र्यांना धुरावलेल्या माशाच्या वासानं चकवल्याची गोष्ट लिहिली होती, तिथून हा शब्द रुळला म्हणतात.

लग्न कधी, पगार किती असं कोणी विचारलं, बहुतेक आपलेच लोक विचारतील, तर "एनीवे, हाऊ वॉज युवर वीकेंड?" म्हटलं की विषय बदलतो. मीटिंगमध्ये "लेट्स पार्क दॅट" म्हणाले तर आत्ता नको, आणि "लेट्स टेक दिस ऑफलाइन" म्हणजे सगळ्यांसमोर नको, नंतर बोलू. मग नंतर तू स्वतः जाऊन विचार, नाहीतर ते राहूनच जातं.

आणि कॅश मशीनपाशी कोणी म्हणालं की तुमचे पैसे पडलेत, तर आधी कार्ड सांभाळ मग खाली बघ. स्टँडवर चालते तीच युक्ती आहे, इथं पोलीस तिला डिस्ट्रॅक्शन थेफ्ट म्हणतात.

राहिलं आजारपण. ड्यूटीला जाता येत नसेल तर त्याला "फोनिंग इन सिक" म्हणतात, आणि बहुतेक वॉर्डांत खरंच फोनच करावा लागतो, मेसेज टाकून भागत नाही, नर्स इन चार्जशी बोलायचं. 7 दिवसांपर्यंत डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, स्वतःच फॉर्म भरायचा, त्याच्या पुढं फिट नोट, म्हणजे ती आजारपणाची चिठ्ठी, लागते, आणि 2022 पासून ती नर्सही देऊ शकतात. किती आधी फोन करायचा हे हॉस्पिटलच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, ते इंडक्शनलाच, म्हणजे सुरुवातीच्या माहिती-ट्रेनिंगलाच, विचारून घे आणि वॉर्डचा नंबर पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये सेव्ह कर.