हिरव्या सार्जंटच्या नव्या शिलेदारास

'आर्मी मेन: सार्जेस हीरोज' पहिल्यांदाच खेळतोयस ना? मग पहिल्या मिशनमध्ये चार-पाचदा मरशील, मनाला लावून घेऊ नकोस. प्लास्टिकच्या खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचा १९९९ चा गेम आहे, तू त्यात हिरव्या सैन्याचा सार्जंट; कॅमेरा कोपऱ्यात अडकला की चिडचिड होतेच. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- धावत गोळीबार करू नकोस. नवखे सगळे इथेच गारद होतात. थांब, गुडघ्यावर बस, मग गोळी झाड. लांबचा टॅन (शत्रूच्या खाकी सैन्यातला) शिपाई दिसला तर सरळ पालथा पड.
- बझुका (रॉकेट लाँचर) नि ग्रेनेड जपून वापर. एकट्यादुकट्या शिपायाला रायफल पुरते. मी पहिल्यांदा सगळे रॉकेट पायदळावरच उडवले, आणि रणगाडा समोर आला तेव्हा हात रिकामे!
- मेडकिट (जखमा भरून काढणारी पेटी) दिसलं की लगेच झडप घालू नकोस. जागा लक्षात ठेव, जखमी झालास की परत ये.

सुरुंगांची जागा असेल तिथे माइनस्वीपर (सुरुंग शोधायचं यंत्र) हातात घेऊन सावकाश चाल. तिथे घाई केलीस की प्लास्टिकचे तुकडे.

बाकीची हत्यारं, शॉर्टकट वगैरे नंतर बघू. आधी बाथरूमच्या लेव्हलपर्यंत पोच. खेळण्यातला शिपाई माणसांच्या घरात किती एवढासा दिसतो, ते बघायला खरी मजा येते. तिथे अडकलास तर विचार.