यादीत घरातलं एकही नाणं नव्हतं

डिसेंबर सरत आला की फोंड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. "मॅडम, गेल्या वर्षीचे संकल्प तसेच राहिले. आता नवे करायचीच भीती वाटते." कुणाचं वजन असतं, कुणाचा गाण्याचा रियाज. मागच्या वर्षी डिचोलीचे एक निवृत्त काका आले, त्यांचा संकल्प प्राचीन नाण्यांचा होता. (त्यांच्या संमतीनंच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर चौदा ओळी. पहिली ओळ गोव्याच्या कदंब राजांच्या गद्याण या सोन्याच्या नाण्याची, सिंहाची छाप असलेल्या. ती तीन वर्षं पहिलीच होती. खाली पश्चिमी क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचं चांदीचं नाणं, गौतमीपुत्र सातकर्णीनं वर आपला ठसा मारलेलं. "१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, मॅडम. त्यातल्या बहुतेकांवर असा ठसा. आणि मला एक मिळू नये?"

"हा कागद वाचताना काय वाटतं?"

"दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आपलं नाव बघावं, तसं."

काकी इतका वेळ गप्प होत्या. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर लिलाव बघत बसतात. नाणं आलं की एक दिवस हातात, दुसऱ्या दिवशी कपाटात."

पहिल्या दोन भेटी झोप आणि पैसा यांतच गेल्या. रात्री नऊनंतर लिलाव बघायचा नाही, महिन्याच्या खर्चाचा आकडा दोघांनी मिळून ठरवायचा. झोप सुधारली. कागद मात्र तितकाच जड राहिला.

तिसऱ्या भेटीत मी तो पुन्हा मागून घेतला आणि सावकाश वाचला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"काका, यातलं तुमच्याकडे आहे असं नाणं कुठलं?"

"एकही नाही. असतं तर यादीत कशाला आलं असतं?"

एवढं बोलून ते थांबले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला बावीस वर्षांत हळूहळू जमलं आहे. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "घरात शंभरावर नाणी आहेत माझ्या. निम्म्यांवर काय लिहिलंय ते मी वाचलेलंच नाही."

माणूस फक्त 'नाही' ते लिहून काढतो, तेव्हा ती यादी त्याच्या छंदाची राहत नाही, उणिवेची होते. एक ओळ पुरी झाली की ती यादीतून जाते आणि पुढची उणीव वर सरकते. आनंद राहायला त्या कागदावर जागाच नसते. ही माझी ठाम समजूत आहे, आणि काकांनी ती माझ्यासमोर पडताळून दाखवली.

पुढच्या वेळी कपाटातलं एकच नाणं आणा, म्हटलं. त्यांनी पश्चिमी क्षत्रपांचं चांदीचं नाणं आणलं, करंगळीच्या नखाहून थोडं मोठं, वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूला मिशीवाला राजा, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर. तीन आठवडे भिंग आणि ब्राह्मी या जुन्या लिपीचा तक्ता घेऊन ते बसले होते. "राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस," त्यांनी बोट फिरवत वाचून दाखवलं. "बघा, बाप नुसता क्षत्रप, मुलगा महाक्षत्रप. तरी बापाचं नाव आधी! डोक्यामागे शक वर्ष आहे. शंभराची खूण दिसते, ऐंशीची दिसते, एकं मात्र ठशाबाहेर गेलंय. म्हणजे इसवी सन २५८ ते २६७ मधलं कुठलं तरी वर्ष." आवाज चढला होता. काकी त्यांच्याकडे बघत होत्या, नाण्याकडे नाही.

नव्या वर्षासाठी यादी करायला बसलात तर आधी क्रियापदं बघा. 'मिळवणे' हे बाजाराच्या, दुसऱ्याच्या खिशाच्या आणि नशिबाच्या हाती असतं. वाचणे, वजन करणे, फोटो काढणे, कुणाकडून कितीला घेतलं ते पाकिटावर लिहिणे, बघून येणे हे आपल्या हाती. खरेदी अजिबात सोडा असं मी सांगत नाही, छंद त्यावरही जगतो. पण आकडा आधी ठरवा, आणि तो घरात माहीत असू द्या. एक वर्ष काहीच घेतलं नाही तरी संग्रह मागे पडत नाही. आणि कंटाळा आला म्हणून चिंच लावून नाणी घासू नका, ती झीज परत भरून येत नाही.

काकांनी गद्याणाची ओळ खोडली नाही, मीही तसं सुचवलं नाही. त्या नाण्यावर राजानं सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख केला आहे, आणि काका दर गोकुळाष्टमीला नार्व्याला त्याच देवाच्या दर्शनाला जातात. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ. त्याचं मूळ स्थान दिवाडी बेटावर होतं, तिथे मात्र ते कधी गेलेले नव्हते. नव्या यादीत पहिली ओळ दिवाडीची आहे. दुसरी, चाळीस नाणी वाचायची. सिंह चौथ्या ओळीवर आहे, पुढे तारीख नाही.

परवा फोन आला. सव्वीस नाणी झाली म्हणाले. पाकिटांवर काकी लिहितात, त्यांचं अक्षर चांगलं आहे.