नकळत चढलेली नशा

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत मित्रांनी धाकट्या भावाला सरबतातून भांग पाजली. त्याला पत्ताही नव्हता. त्या भरात त्यानं एकाचं डोकं फोडलं. तो गुन्हेगार ठरेल?
– एक बहीण, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : ताई, भारतीय न्याय संहितेचं कलम २३ (जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८५) त्याला वाचवू शकतं. पण नशा नकळत दिली गेली, एवढंच पुरत नाही. आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे कळण्याची शक्तीच त्या क्षणी उरलेली नसावी. नुसता राग अनावर झाला म्हणून सुटका नाही. आणि हे दाखवून देणं भावाच्याच अंगावर येतं. म्हणून दवाखान्याचे कागद आणि पेला हातात देताना पाहिलेली माणसं आजच गाठा. मित्रांविरुद्ध फिर्याद जरूर द्या. ती कन्नडमध्ये लिहिली गेली, तर मराठीत नीट समजून घेतल्याशिवाय सही करू नका.