झारीची तोटी आणि पंचगंगेची पातळी

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली वाडग्यांची छायाचित्रे आणि सोबतचे टिपण मी सावकाश पाहिले. माणसाने निसर्गाचे काय केले, हा विषय रोजच्या वापरातल्या भांड्यांतून मांडायचा, ही तुझी इच्छा मला पटते. मात्र वाडग्यांच्या बाहेरच्या अंगावर तू रंगवलेले मेलेले मासे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि धुराडी पुसून टाकली, तर उरतो तो कोणत्याही दुकानात मिळणारा वाडगा. विषय चित्रात आहे, भांड्यात नाही. आणि चित्रच काढायचे असेल तर कागद स्वस्त पडतो, शिवाय तो भाजावा लागत नाही.

भांडे हातात घेणाऱ्याला भरावे लागते, ओतावे लागते, रिकामे करावे लागते. तुझा विषय या कृतींमध्ये शोधावा, असे मी सुचवीन. पंचगंगेचेच घे. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर पोचले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर पोचले की धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. आता एका फुटाला अर्धा सेंटीमीटर असे प्रमाण धरून एक झारी कर. आतून, तळापासून १९.५ सेंटीमीटरवर एक रेघ आणि २१.५ वर दुसरी. झारीतले पाणी तोटीच्या टोकापेक्षा उंच कधीच राहत नाही, कारण जास्तीचे पाणी तोटीतून आपोआप बाहेर पडते. म्हणून तोटीचे टोक नेमके दुसऱ्या रेघेच्या उंचीला आण. मग ३९ वर थांबणारा निर्धास्त राहील, हात आवरता न घेणाऱ्याच्या मेजावर ४३ ला पाणी सांडू लागेल, आणि त्या दोन महापुरांच्या खुणा वर गळ्यात, जिथे या झारीतले पाणी पोचूच शकत नाही, तिथे कोरड्या राहतील. बाहेर एकही अक्षर लिहू नकोस. कोल्हापूरकराला रेघा कळतील. परगावचा पाहुणा पाणी सांडले की विचारेल.

हे बोलायला सोपे आणि करायला किचकट आहे. वाळताना आणि भाजताना मिळून माती १० टक्के आटत असेल, तर २१.५ सेंटीमीटरसाठी ओल्या मातीत सुमारे २४ सेंटीमीटर धरावे लागतात, म्हणून तुझ्या मातीचे आटणे आधी पट्ट्या करून मोज. चाकावर ओढलेली तोटी भाजताना थोडी पिळते, त्यामुळे तिचे टोक कापताना तेवढी सूट ठेवावी लागते. टोकाची कड बोथट राहिली, तर ओतून झाल्यावर पाणी तोटीखालून ओघळते, आणि मग वापरणारा पुराचा विचार करणार नाही, फडके शोधेल.

मासा ठेवायचाच असेल, तर तो कोणता हे ठरव. तुझा मासा जगातल्या कोणत्याही पाण्यातला आहे. आपल्याकडे जाळ्यात येणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली, आणि रंकाळ्याला वेळोवेळी ग्रासणारे केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मूळचे दक्षिण अमेरिकेतले. सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर ते पोसते. केंदाळाची जांभळी फुले देखणी असतात, हेच तुझ्या कामाचे आहे. पांढऱ्या रश्श्याच्या वाडग्यात तळाशी ते फूल काढ. खाणारा रस्सा संपवील, फुलाचे कौतुक करील आणि मग ते कोणते हे विचारील. मेलेल्या माशाकडे पाहून जेवणारा फक्त वाडगा बदलून मागेल.

आता मातीकडे येतो. तुझ्या टिपणात तिच्याविषयी एकच ओळ आहे आणि मला सर्वांत जास्त तिथेच बोलायचे आहे. तू स्टोनवेअरची, म्हणजे १२०० अंशांच्या आसपास घट्ट भाजली जाणारी, तयार माती वापरली आहेस. तिच्यातला बॉल क्ले, म्हणजे बारीक चिकट माती, बहुधा राजस्थान किंवा गुजरातचा, आणि फेल्डस्पार, म्हणजे माती वितळायला मदत करणारे खनिज, तोही बहुधा राजस्थानचा. म्हणजे पंचगंगेची कैफियत मांडणारा वाडगा बहुधा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून आला आहे. यात गुन्हा काही नाही, परंतु तुझ्या विषयात तू स्वतः कुठे उभी आहेस, हे टिपणात यायला हवे होते. इथली गाळाची माती वापरून पाहा. तिच्यात लोह जास्त असते. ती १००० अंश सेल्सिअसच्या आसपास छान लाल भाजते, पण १२०० ला नेलीस तर फुगते आणि खाली बसते. चुनखडीचे बारीक खडे मात्र चाळून काढ, कारण भाजल्यानंतर ते हवेतली ओल शोषून फुलतात आणि काही दिवसांनी धडधाकट भांड्याचा टवका उडतो. गंगावेशीत किंवा बापट कॅम्पमध्ये एखाद्या जाणत्या कुंभाराकडे जाऊन बस. मातीत राख आणि लीद किती घालायची हे तो चिमटीने सांगेल, आणि ते प्रमाण तू वजनकाट्यावर उतरवून घे.

झिलईसाठी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपासाठी, गुऱ्हाळावर जा. चुलवाणात चिपाड जळते आणि राख फुकट मिळते. ज्या उसाने जिल्ह्यात पैसा आणला, आणि मळीमिश्रित पाण्याने मासे मेल्याच्या बातम्या ज्याच्यामुळे वाचाव्या लागतात, त्याच उसाची राख भांड्यावर काच होऊन बसावी, यापेक्षा नेमका दुवा तुला मिळणार नाही. मात्र पुस्तकांतली राखेची प्रमाणे इथे चालत नाहीत. ती लाकडाच्या राखेसाठी असतात, जिच्यात चुना जास्त असतो. उसाच्या राखेत सिलिका भरपूर असल्यामुळे ती एकटी सहजी वितळत नाही, तिला फेल्डस्पार आणि चुन्याची जोड द्यावी लागते, आणि अशी झिलई स्टोनवेअरच्याच तापमानाला नीट वितळते. इथल्या लाल मातीवर ती बसणार नाही. त्या मातीसाठी कमी तापमानाला वितळणारे, शिसेविरहित बोरॉनचे फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, घ्यावे लागेल. म्हणजे माती इथली हवी की राख इथली, यातले एक बहुतेक तुला निवडावे लागेल, आणि दोन्हीकडे काहीतरी बाहेरून येईलच. राख चाळताना तोंडाला मास्क आणि कालवताना हातमोजे घाल. राखेचे पाणी कातडी सोलते.

एका बाबतीत मी कडक आहे. केंदाळाची राखही झिलईत घालण्याची कल्पना तू लिहिली आहेस. ते झाड पाण्यातले जड धातू, अगदी शिसे आणि कॅडमियमसुद्धा, स्वतःत साठवते, त्यामुळे प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत ती राख अन्नाला लागणाऱ्या भागावर नको. तांब्याच्या हिरव्या झिलईचेही तसेच: झिलईचे प्रमाण बिघडलेले असेल तर ताक, चिंच किंवा कोकम तांबे बाहेर ओढते. घरी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये नमुना २४ तास बुडवून ठेव. रंग उतरला तर ती झिलई बाद. नाही उतरला, तरी एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही. निसर्गाच्या हानीविषयी बोलणाऱ्या वाडग्याने जेवणाऱ्याच्या पोटात धातू सोडले, तर बाकीची चर्चा करायला नको.

शेवटी भट्टी. सुमारे ६०० अंशांच्या पुढे गेलेली माती पाण्यात टाकली तरी पुन्हा चिखल होत नाही. तुझ्या शहरातच याचा पुरावा आहे: १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झाले, तेव्हा सातवाहन काळातली खापरे मिळाली. तुझे फसलेले वाडगेही तितकेच टिकतील. म्हणून निवड भट्टीआधी कर. ज्याची कड किंवा वजन मनाला पटत नाही, ते भांडे कच्चे असतानाच भिजवून टाक आणि माती परत चाकावर घे. भट्टी भरेपर्यंत थांब, अर्धी भट्टी लावू नकोस. कच्च्या भांड्यालाच झिलई देऊन एकदाच भाजता येते का, तेही पाहा. भेगांचे प्रमाण वाढेल, पण गॅस वाचेल.

पुढच्या भेटीला तयार वाडगे आणू नकोस. मातीच्या आणि राखेच्या नमुन्याच्या पट्ट्या आण, प्रत्येकीच्या मागे प्रमाण आणि तापमान कोरलेले असू दे. झारीचा पहिला नमुना झाला असेल तर तोही आण; त्याची तोटी आपण नळाखाली धरून पाहू.

कळावे.