रोटरवर एक नाव, बॅलन्सखाली दुसरं

थकबाकी हातात आली आहे, साडेतीन लाखांचं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं काय झालं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

गोव्यात स्विस घड्याळाचं वेड जुनं. 1961 पूर्वी परदेशी माल इथल्या दुकानांत सहज मिळायचा, त्यामुळे माझ्या आजोबांच्या पिढीला 'स्विस' म्हटलं की पुढे काही विचारावंसंच वाटत नसे. आजोबा, म्हणजे आमचे नाना, मात्र शाळामास्तर, मनगटावर एचएमटी जनता. रोज सकाळी चहाच्या आधी चावी. कॉलेजात असताना मला त्या घड्याळाची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

चाळिशीत मुंबईहून एक नामांकित स्विस घड्याळ आणलं. नाव लिहीत नाही. विक्रेत्याने पांढरे हातमोजे घालून ते मखमलीवर ठेवलं आणि अर्धा तास कारागिरीचं पुराण ऐकवलं. आत मशीन कोणतं, हे मी विचारलंच नाही. त्या हातमोज्यांसमोर विचारणंच गावंढळपणाचं वाटलं असतं.

सातव्या वर्षी ते दिवसाला दीड मिनिट पुढे पळू लागलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने न उघडताच अठ्ठेचाळीस हजार आणि चार महिने सांगितले. मी सरळ म्हापसा गाठलं. शुक्रवारचा बाजार, दुकानासमोर चवरीस आणि सुक्या बांगड्यांचा वास. आमच्या घड्याळजीने आधी होकायंत्र जवळ धरलं. सुई हलली. "मोबाईलच्या कव्हरात लोहचुंबक आहे?" होतं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे ठोक्याची लय धरणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळतं. त्याने छोट्या निळ्या डब्यावर ते ठेवलं, बटण दाबून वर उचललं. झालं. त्याचे पन्नास रुपये.

तेल बदलायला तरीही झालंच होतं, म्हणून मागचं झाकण उघडलं. रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या अर्धगोल पट्टीवर, कंपनीचं नाव, सोनेरी, वळणदार. चिमट्याच्या टोकाने त्याने पुढेमागे डोलणाऱ्या चाकाखाली, बॅलन्स व्हीलखाली, दाखवलं, "हांगा पळय." भिंगातून पाहिलं तर प्लेटवर तिळाएवढी अक्षरं, ईटीए 2824-2. ईटीए म्हणजे बऱ्याच कंपन्यांना तयार मशीनं पुरवणारा स्विस कारखाना. मग खणातून दुसरं घड्याळ काढलं, माझ्या घड्याळाच्या सहाव्या हिश्शाच्या किमतीचं. त्यातही तेच. दोन्हींच्या सर्व्हिसिंगचा दर त्याने एकच सांगितला, साडेचार हजार.

आता न्यायाने बोलायचं तर दुसऱ्याचं मशीन वापरण्यात पाप काही नाही. ऑडमार पिगेच्या 1972 च्या रॉयल ओकमध्ये जेजर-लकूल्टरचं मूळ मशीन होतं. रोलेक्सची डेटोना 1988 ते 2000 पर्यंत झेनिथच्या एल प्रिमेरो मशीनवर चालली, अर्थात रोलेक्सने त्यात बरेच बदल करून. आणि 2824 हे तर दणकट काम आहे. तासाला 28,800 ठोके, सुटे भाग मिळतात, कुठलाही जाणता कारागीर उघडू शकतो. घड्याळ वाईट नव्हतंच. मी पैसे कशाचे मोजले, हा माझा प्रश्न होता. पॉलिश, डायल, बाहेरची केस चांगली होती, कबूल, पण ती काही सहापट चांगली नव्हती.

अचूकतेचं म्हणाल तर कॉस्क या अचूकता तपासणाऱ्या स्विस संस्थेचं प्रमाणपत्र मिळवलेल्या यांत्रिक घड्याळालाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. दीड हजारांचं बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंद चुकतं. म्हणजे वेळ पाहण्यासाठी हे कोणी घेत नाही, तुम्हीही घेत नाही आहात.

ते घड्याळ मी पुढच्याच वर्षी विकलं, निम्म्या किमतीला. आता बहुतेक दिवस नानांची जनताच असते हातात. उगाच भावुक होऊन नाही. पातळ आहे, शर्टाच्या बाहीत अडकत नाही. शिवाय मला चावी द्यायला आवडते.

तुम्ही घेणारच असाल तर कॅलिबरचा, म्हणजे आतल्या मशीनचा, नंबर विचारा, उत्तर गोलगोल आलं तर उठा. सर्व्हिसचा खर्च आधी लेखी घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत मागच्या झाकणाची रबर रिंग लवकर सपाट होते, दर दोन वर्षांनी मे महिन्यात ती बदलून पाण्याची चाचणी करून घ्या. आणि चामड्याचा पट्टा नकोच. जुलैत कपाटातून काढाल तर हिरवी बुरशी आलेली असेल.