घरचा सुतार : स्क्रू फिरतो, पण धरत नाही

प्रश्न : काका, आमच्या परळच्या घरात बाथरूमच्या दाराची वरची बिजागरी सारखी सुटते. स्क्रू कितीही पिळा, नुसता गरगर फिरतो. शेजाऱ्यांनी भोकात काडेपेटीच्या काड्या खुपसून दिल्या, त्या चार दिवस टिकल्या. सुतार म्हणतो, दार-चौकट सगळं बदला. काय करू?
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, चौकट कुजलेली नसेल तर काहीही बदलू नका. भोकाशेजारी टोचा टोचून बघा. भुसभुशीत लागलं तरच सुताराचं खरं.

सुटते ती वरचीच, याला कारण आहे. दाराचं वजन खालच्या बिजागरीला चौकटीवर दाबतं आणि वरचीला चौकटीपासून ओढतं. त्यात आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात दार फुगतं, अडतं, आणि घरातलं प्रत्येक जण ते खांद्याने रेटतं. तेव्हा आधी दार कुठे घासतं ते शोधा. रंग उडालेला दिसेलच. तिथे रंधा मारा, पण बेताने. आज जास्त तासलंत तर मार्चमध्ये फट पडेल. उघड्या पडलेल्या लाकडाला लगेच रंग लावा, नाहीतर ते पुन्हा पाणी पिणार.

आता भोक. काड्या चुकीच्या नव्हत्या, कोरड्या होत्या. दाराखाली पाचर मारून वजन उचला, बिजागरी काढा, भोकातला भुसा झटका. बांबूच्या काड्या फेविकॉल मरीनमध्ये बुडवून भोक गच्च भरेपर्यंत ठोका. साधं पांढरं फेविकॉल बाथरूमच्या ओलीत टिकत नाही. भोक फारच ऐसपैस झालं असेल तर ते ८ मिमीच्या ड्रिलने नीट गोल करा आणि लाकडी खुंटी चिकटवा. वर आलेला भाग कापा आणि २४ तास त्याला हात लावू नका. इथेच सगळे घाई करतात.

दुसऱ्या दिवशी ८ नंबरच्या स्क्रूसाठी ३ मिमीचं भोक पाडून स्क्रू हाताने पिळा. मशिनने पिळलात तर नवे आटेही झडतील. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या, जमल्यास आधीपेक्षा अर्धा इंच लांब. जाडा मात्र नको, त्याचं डोकं बिजागरीच्या खाचेत बसत नाही आणि दार मिटेना होतं. स्क्रूला मेणबत्ती घासा. काही जण साबण लावतात, पण साबण ओल धरतो.

हे सगळं खऱ्या लाकडाचं झालं. किचनच्या कपाटाचा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाण्याने फुगला असेल तर त्यात काड्या-फेविकॉल वाया घालवू नका. बिजागरी कोरड्या जागी सरकवावी लागते आणि तिच्या फळीत बसणाऱ्या गोल वाटीसाठी ३५ मिमीचं नवं भोक पाडावं लागतं. त्या कामाला सुतारच बोलवा.